तुझी नेपाळी आणि माझं व्याकरण

सगुणे,

काल तुझा तेरावा झाला. आलेली माणसं दुपारी आपापल्या वाटेला लागली. आज सकाळी संध्या आटोपली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मी म्हणालो, "पानी दिनुहोस्." पाणी द्या. सवयीने तोंडातून निघून गेलं. यात्रेला निघण्याआधीचं अख्खं वर्ष या घरात पाणी असंच मागितलं जात होतं, कधी सराव म्हणून, कधी थट्टेने. आतून तू "हजुर" म्हणायचीस आणि तांब्या घेऊन यायचीस. आज काहीच आलं नाही. मग मीच उठून घागर वाकवली.

तू कुठली, कोणाची, किती वर्षांची, हे सगळं उपाध्यायांना सांगून झालं आहे. ते पुन्हा लिहायचं नाही. तुझं नाव मी चारचौघांत कधी घेतलं नाही. घरातही "अगं" आणि "ऐकलंस का" एवढ्यावरच आपला संसार झाला. आता कागदावर घेतो आहे. तुला चालेल असं धरून चालतो.

नानू गेला तेव्हा चार वर्षांचा होता. आपला एकुलता एक. त्याला देवी आल्या आणि बाराव्या दिवशी तो गेला. सुरुवातीला तू रडायचीस, पण पुढे ते रडणं बरं होतं म्हणायची वेळ आली, कारण मग तू बोलायचीच थांबलीस. मी सकाळच्या गाडीने ठाण्याला कचेरीत जायचो, दिवसभर जमिनींची कागदपत्रं उतरवून काढायचो, संध्याकाळी परत यायचो. तू ताट वाढायचीस. "अजून भात?" "नको." एवढं बोलणं. वर्षभर.

पुढच्या चातुर्मासात काळ्या तलावाजवळच्या धर्मशाळेत ती म्हातारी येऊन पडली. नेपाळची बाई. द्वारका करून त्र्यंबकेश्वराला निघालेली. पायांना सूज आली म्हणून कल्याण स्टेशनावर उतरली, सोबतची माणसं पुढे गेली. तिचं बोलणं कोणाला कळत नव्हतं. शेजारच्या गोदूवहिनींनी तुला सांगितलं आणि तू भाताची पेज घेऊन तिच्याकडे गेलीस. ती म्हणाली, "बस्नुहोस्," आणि तू बसलीस. त्या संध्याकाळी तू कित्येक महिन्यांनंतर आपणहून माझ्याशी बोललीस.

"अहो, तिची भाषा आपल्यासारखीच आहे हो. जराशी वाकडी."

मला भाषेचा नाद. दुसऱ्याच दिवशी मी कोरी वही घेऊन तुझ्याबरोबर धर्मशाळेत हजर. तू तिला "बज्यै" म्हणायला लागली होतीस, म्हणजे आजी. आपल्या भाषेला ती पर्वतिया म्हणायची. आपण तिला नेपाळीच म्हणू लागलो. मी डाव्या बाजूला मराठी आणि उजव्या बाजूला नेपाळी असे रकाने आखले. क्रियापदं विचारली, काळ विचारले. बज्यै बिचारी घाबरून गेली. तिला काळ म्हणजे पाऊसकाळच माहीत. ती म्हणाली, "खोला ठूलो छ," आणि तू उठून दार उघडायला गेलीस. दार उघडंच होतं. तिला म्हणायचं होतं की ओढा मोठा आहे, ओढ्याला पूर आलाय. तिच्या देशात खोला म्हणजे ओढा. हे कळल्यावर तू हसलीस. सगुणे, नानू गेल्यानंतर ते तुझं पहिलं हसू. त्या बाईचे उपकार मी कसे फेडणार होतो?

तू शिकलीस ते कानाने. वाट विचारायची ती "बाटो कता छ?" अशी. रात्रीचा आसरा मागायचा तर "बास पाइन्छ?" दमलो म्हणायला "थकाइ लाग्यो", थंडी वाजते म्हणायला "जाडो लाग्यो". आणि सगळ्यांत उपयोगी शब्द "बिस्तारै", सावकाश. चढावर, उतारावर, जेवताना, निरोप घेताना, कुठेही चालतो, असं बज्यै म्हणायची. लहान मुलाला तिकडे "नानी" म्हणतात, हे तिने सांगितलं त्या दिवशी मात्र तू लगेच भांडी आवरून घरी आलीस. दोन दिवस गेली नाहीस. तिसऱ्या दिवशी गेलीस आणि तो शब्दही शिकून आलीस.

त्यांच्यात 'तू'च्या तीन पायऱ्या आहेत. "तँ" जनावराला, मुलाला, नाहीतर शिवी देताना. "तिमी" बरोबरीच्याला. "तपाईं" मानाच्या माणसाला. मी तिन्ही नीट लिहून घेतल्या आणि कोणाला काय म्हणायचं याची यादी मागितली. बज्यैने हात हलवला. परक्या मुलखात जाशील तर सगळ्यांना तपाईं म्हण, म्हणजे चुकणार नाहीस, असं तिने तुला सांगितलं. मला नाही, तुला.

पायांची सूज उतरल्यावर तिने धर्मशाळेच्या अंगणात एक पायली पालथी घातली आणि म्हणाली, हा स्तूप. मग तुला त्याच्याभोवती फिरवलं. उजवा खांदा देवाकडे ठेवायचा, उलट फिरायचं नाही. चामड्याचं काही अंगावर नको. भिंतीत बसवलेली पितळी चक्रं असतात, त्यांना माने म्हणतात. ती उजव्या हाताने, हलकेच फिरवायची. कोणी लावलेला दिवा ओलांडायचा नाही, तोंडाने फुंकायचा नाही. देताना उजवा हात पुढे आणि डावा हात उजव्या कोपराला. घेताना दोन्ही हातांची ओंजळ. बोट दाखवायचं नाही, तळवा दाखवायचा. धर्मशाळेत निजलेल्याचे पाय ओलांडून जायचं नाही. मी ओट्यावर बसून हे लिहीत होतो आणि तू पदर खोचून पायलीभोवती फिरत होतीस. रस्त्याने जाणारे लोक थांबून पाहत होते. मला शरम वाटली. आज वाटतं, मी उठून तुझ्या मागे का फिरलो नाही?

कार्तिकात ती एका जथ्याबरोबर त्र्यंबकला गेली. निघताना आपण "येते" म्हणतो ना, तसं ती म्हणाली, "बस्दै गर्नुहोस्." बसलेले असा. तू तिचे पाय धरलेस आणि स्टेशनापासून घरापर्यंत डोळे पुसत आलीस.

हारती मातेची गोष्ट तिनेच तुला सांगितली होती. ती तू मला तांदूळ निवडता निवडता सांगितलीस. काठमांडूजवळ टेकडीवर स्वयंभूचा मोठा स्तूप आहे, त्याच्या शेजारी तिचं लहानसं देऊळ. ही हारती पूर्वी राक्षसीण होती. तिला पाचशे मुलं, तरी रोज दुसऱ्याचं मूल उचलून न्यायची. बुद्धाने एके दिवशी तिचं सगळ्यांत धाकटं आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती रानोमाळ ऊर बडवत फिरली. तेव्हा तो म्हणाला, पाचशेंतलं एक गेलं तर तुझी ही दशा, जिचं एकच होतं तिचं काय झालं असेल? तेव्हापासून ती मुलांची राखण करते. देवी आलेल्या मुलांच्या आया तिच्याकडे जातात, हिंदूही आणि बौद्धही.

"मला तिथं जायचंय," तू म्हणालीस.

"पशुपतिनाथाला जाऊ," मी म्हणालो. "शिवरात्रीला परदेशच्या यात्रेकरूंना आत सोडतात. पुण्याचं काम आहे. पण ते स्वयंभू बौद्धांचं. तिथं आपलं काय?"

"तिथं ती आई बसलीय."

"कुठली आई? लोकांची मुलं खाणारी?"

"खायची. आता राखते." तू सुपातला खडा उचलून बाजूला टाकलास. "चूक झाली ती कळली तिला. कबूल केलं तिनं. म्हणून तर तिला देऊळ मिळालं."

मी म्हणालो की हे शास्त्राला धरून नाही. तू म्हणालीस, नसेल. आपला हा वाद संपला नाही, पण मी रजेचा अर्ज केला. साहेबाने ती पुढच्या वर्षी दिली आणि त्या पौषात आपण निघालो.

गाडीने पाटण्यापर्यंत, नावेने गंगापार, पुन्हा गाडीने सिगौलीपर्यंत. तिथं रूळ संपले. मग बैलगाडी, मग तराईचं जंगल, मग नुसता डोंगर. वाटेत मी वही उघडून वाक्यं वाचून दाखवायचो आणि लोक माझ्याकडे पाहून तुला उत्तर द्यायचे. हे मला झोंबायचं, हे तुझ्या लक्षात आलं होतं. तू मुद्दाम मागे राहायचीस, मला आधी बोलू द्यायचीस.

चंद्रागिरीच्या चढावरचं तू कल्याणला आल्यावर कोणाला सांगितलं नाहीस. मीच सांगतो. आपलं सामान वाहणारा हमाल पाठीवर टोपली आणि कपाळाला पट्टा लावून चालला होता. उशीर होत होता. मी कचेरीतल्या शिपायाला ओरडावं तसा ओरडलो, "तँ छिटो हिँड्!" लवकर चाल. तो थांबला. टोपली दगडावर टेकवली, पट्टा कपाळावरून काढला आणि बसला. बर्फासारखा वारा, समोर कडा, आणि तो माणूस आपल्याकडे न बघता बसून. मी आणखी ओरडणार होतो. तू पुढे गेलीस.

"दाइ, थकाइ लाग्यो?" दादा, दमलात? "बस्नुहोस्. बिस्तारै जाउँला."

तू पदराच्या गाठीतले चणे काढलेस. उजवा हात पुढे, डावा हात कोपराला. त्याने ओंजळीत घेतले. थोड्या वेळाने तो आपणहून उठला, आणि काठमांडूपर्यंत तुला "दिदी" म्हणत आला. माझ्याशी तो शेवटपर्यंत बोलला नाही. त्या दिवशी मी वहीत "तपाईं" या शब्दाखाली रेघ ओढली, एवढंच केलं. त्याची क्षमा मागितली नाही.

पशुपतिनाथाचं दर्शन झालं. मग बौद्धनाथाचा तो अवाढव्य पांढरा घुमट, त्यावर रंगवलेले डोळे. मी कशाची तरी मापं मनात घेत उलट बाजूने चालू लागलो. समोरून भोटिया, म्हणजे तिबेटकडच्या लोकांचा लोंढा आला, जपमाळा, मेंढीच्या कातड्याचे अंगरखे, आणि सगळे माझ्या अंगावर. एक म्हातारी माझ्यापुढे उभी राहून हसायला लागली आणि हाताने गोल करून दाखवायला लागली. तू माझं उपरणं धरलंस, मला वळवलंस. "उजवा खांदा," तू हळूच म्हणालीस, "पायलीसारखं." आपण त्या लोंढ्यात शिरलो. तू प्रत्येक चक्राला हात लावत होतीस. मला वाटतं, सबंध संसारात आपण पहिल्यांदाच तिथं एकमेकांच्या शेजारी चाललो; नेहमी मी पुढे आणि तू मागे. फार बरं वाटलं. हेही तुला सांगितलं नव्हतं, आज सांगतो.

आणि मग स्वयंभू.

पायऱ्या संपत नव्हत्या. माकडं तुझ्या हातातली फुलं हिसकत होती आणि तू त्यांनाही "बिस्तारै, बिस्तारै" म्हणत होतीस. वर हारतीच्या देवळापुढे आया बसल्या होत्या, मांडीवर पोरं, पुढ्यात लोण्याचे दिवे. तू दोन दिवे घेतलेस. एक मला दिलास.

"तुम्हीपण लावा," तू म्हणालीस. "मागायचं असेल तर मागा. सांगायचं असेल तर सांगा. इथं आपली भाषा कोणाला येत नाही."

मी दिवा लावला आणि वही काढली. लोण्याच्या दिव्याला तिकडे काय म्हणतात ते विचारायचं होतं.

शेजारी एक म्हातारी नातीला घेऊन बसली होती. तिने तुला विचारलं, "छोराछोरी कति छन्?" मुलंबाळं किती?

तू म्हणालीस, "एउटा छोरा छ." एक मुलगा आहे.

आणि मी म्हणालो, "थियो. छ नव्हे. होता म्हणायचं असेल तर थियो म्हणतात."

मी हे मराठीतच म्हणालो, पण थियो हा शब्द त्या बाईचा होता. ती काय समजायचं ते समजली. तिने नातीला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि रिकामा झालेला हात तुझ्या हातावर ठेवला. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं. तू खाली दिव्याकडे बघत होतीस. मग उठून राहिलेली प्रदक्षिणा पूर्ण केलीस, उजव्या खांद्याने, नेमाप्रमाणे.

उतरताना मी विचारलं, "रागावलीस?"

"नाही. व्याकरण बरोबर होतं तुमचं."

त्यानंतर सबंध परतीच्या वाटेवर तू नेपाळीतला एक शब्द उच्चारला नाहीस. वाट विचारायची वेळ आली की माझ्याकडे बघायचीस. चितलांगच्या मुक्कामात मीच विषय काढला. म्हणालो, परक्या बाईला खोटं सांगण्यात काय अर्थ होता?

"मी त्या बाईला सांगत नव्हते," तू म्हणालीस.

"मग कोणाला?"

तू घोंगडी डोक्यावरून ओढून घेतलीस. तो वाद तिथंच राहिला. मी मनात अजून तो घालतो आहे, आणि हरतो आहे.

तराईत उन्हाळा लवकर लागला होता. जंगलातून आपण तीन दिवस आलो. तिथला ताप वाईट, त्याला औल म्हणतात, हे बज्यैने सांगितलं होतं आणि माझ्या वहीत ते सुवाच्य अक्षरात आहे. कल्याणला उतरलो तेव्हा तू धड होतीस. आल्या आल्या घर सारवून घेतलंस. आठव्या दिवशी हुडहुडी भरली. वैद्यांचा काढा झाला, मी ठाण्याहून तापावरचं कोयनेल आणलं, दोन दिवस उतार पडला, पुन्हा चढला. तापात तू नेपाळी बोलू लागलीस. "जाडो लाग्यो." मी होती नव्हती ती पांघरुणं घातली. "बाटो कता छ?" वाट कुठली? मी तुझ्या उशाशी बसून होतो, सगुणे, आणि मला ते वाक्य लिहिता येत होतं, त्याचे काळ चालवता येत होते, आणि उत्तर देता येत नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी तू शुद्धीवर होतीस. चेहरा धुवून मागितलास. केस विंचरून घेतलेस गोदूवहिनींकडून. त्या पाणी टाकायला मागे गेल्या तेव्हा तू माझ्याकडे वळलीस.

"तुम्हाला काही बोलायचंय का?"

मी म्हणालो, "आधी काढा घे. गार होतोय."

तू घेतलास. सबंध वाटी घेतलीस. दिवस कलताना तू गेलीस.

आज दुपारी गोदूवहिनी ताट झाकून घेऊन आल्या. ठेवलं, पण गेल्या नाहीत. उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

"भावजी, एक विचारू? बोललात का तिच्याशी?"

"कशाबद्दल?"

"टोचणाऱ्याबद्दल."

वहिनी दाराकडे बघतच बोलत होत्या.

"देवी टोचणारा आला होता, तुम्ही त्याला परत पाठवलंत. मी माझ्या ओट्यावर होते. ती ठाण्याला माहेरी गेली होती त्या दिवशी. संध्याकाळी आली तेव्हा तुम्ही तिला सांगितलंत की तो आपल्या आळीत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मला म्हणाली, बघ, आपलीच आळी कशी चुकवली मेल्यानं. माझ्या तोंडून खरं ते निघून गेलं. मला काय ठाऊक तुम्ही काय सांगितलंय!"

"तिला माहीत होतं?"

"त्या दिवसापासून. तुम्ही कचेरीत गेल्यावर तिनं नानूला कडेवर घेतलं, मला सोबत घेतलं, आणि शहाडपर्यंत चालत गेलो आम्ही. टोचणारा तिकडे गेला म्हणत होते. पोचलो तोवर तो नदीपार निघून गेला होता. पुढच्या हिवाळ्याशिवाय येणार नाही म्हणाले. येताना नानू तिच्या खांद्यावर झोपला. तुम्हाला तिनं देवळात गेलो होतो म्हणून सांगितलं. महिना झाला नाही तोच देवी आल्या."

मी विचारलं, तीन वर्षं तिने मला एका शब्दाने का विचारलं नाही?

"मी म्हटलं तिला, विचार. दहादा म्हटलं. म्हणायची, एकदा खोटं बोललेत, मला त्यांना पुन्हा बोलायला लावायचं नाही. आपणहून सांगतील तेव्हा सांगतील." वहिनींनी पदराने नाक पुसलं. "नेपाळला निघालात ना, त्याच्या आदल्या दिवशी खुशीत होती. म्हणाली, इथं आळी आहे, कचेरी आहे, लोक आहेत. इथं त्यांना जमत नाही. लांब गेलं, ओळखीचं कोणी नसलं, की बोलतील. त्यासाठी तर चाललेय मी, असं म्हणाली."

एवढं सांगून त्या गेल्या.

मला वाटत होतं मी तुला यात्रेला नेलं. रजा मी काढली, नेपाळात शिरायची राहदानी मी दाखवली, वही माझी. आणि तू मला नेत होतीस. एक म्हातारी तुला बोलायला लावून गेली होती, आणि तू मला बोलतं करायला गंगेपलीकडे, हिमालयात, जिच्यापुढे चूक कबूल करतात अशा एका आईच्या दारात नेलंस. दिवा हातात दिलास. आणि मी वही काढली.

तीन वर्षं तू माझं जेवण वाढलंस. माझे धोतरजोडे धुतलेस, ताप आला तेव्हा माझे पाय चेपलेस, आणि हे सगळं माहीत असताना. त्यात राग होता की नव्हता, मला कळायला आता मार्ग नाही. असायला हवा होता. मला शिक्षा करायची तर तू ती करू शकली असतीस, आळीत एका वाक्याने करू शकली असतीस. तू माझी लाज राखलीस, आणि ती राखता राखता दमलीस. तुझे उपकार मानू की तुझी क्षमा मागू? दोन्ही करतो आहे, उशिरा.

जे तुला माहीत होतं तेच आता सांगायचं. पण तुला ते माझ्या तोंडून हवं होतं, म्हणून सांगतो.

त्या दिवशी मला कचेरीला सुटी होती; तू सकाळच्या गाडीने माहेरी गेलीस. जाताना म्हणालीस, टोचणारा आज येईल, नानूला टोचून घ्या. मी हो म्हणालो. पहिल्या प्रहराला तो आला. त्याच्याबरोबर खाडीवरची एक कोळीण होती, कडेवर तिची मुलगी. मुलीच्या दंडावर टोचल्याचा फोड भरून आला होता. तो म्हणाला, हिची लस उत्तम आहे, यातूनच तुमच्या मुलाला टोचतो. मी त्या फोडाकडे पाहिलं, कोळणीकडे पाहिलं, आणि माझ्या मनात आलं, हिच्या पोरीच्या अंगातलं पाणी माझ्या मुलाच्या रक्तात? शिकलेला माणूस मी. टोचण्याचा सरकारी जाहीरनामा मी स्वतःच्या अक्षरात उतरून काढला होता. मी दार अर्धं लोटलं.

तो म्हणाला, "रावसाहेब, यंदा साथ वाईट आहे. मूल किती वर्षांचं?"

मी म्हणालो, "आमच्या घरात लहान मूल नाही."

आत नानू पाट उलटा करून फरशीवरून ढकलत होता, गाडी गाडी करत, आणि तोंडाने शिट्टी वाजवत होता. दारापर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं. टोचणाऱ्याने ऐकलं. कोळणीनेही ऐकलं, तिने आपल्या मुलीला घट्ट धरलं. तो क्षणभर थांबला, मी मत बदलीन म्हणून. मग दोघं पुढच्या घराकडे गेली, आणि मी कडी लावून घेतली.